भानुदादाची धवळी

गाडीचा एअर फिल्टर लहान मूलसुद्धा बदलू शकतं, असं मोबाईलवरच्या एका व्हिडिओत एका हसऱ्या माणसानं सांगितलं. त्याच्यावर विश्वास ठेवून मी या उन्हाळ्यात एका रविवारी आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं. चिमटे काढायचे, जुना फिल्टर उचलायचा, नवा ठेवायचा, चिमटे लावायचे. केलं. हात धुतले आणि बायकोला म्हणालो, "चल, आष्टीला चक्कर मारून येऊ. बघ आता गाडी कशी पळते."

गाडी फाटकातून ऐटीत बाहेर पडली आणि आमच्या कडा गावच्या स्टँडसमोर बंद पडली. मी इथं शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळं स्टँडवर कोणत्याही वेळी माझे निम्मे माजी विद्यार्थी उभे असतात. गाडी सुरू केली की जागच्या जागी बरी चाले. पाय जरा दाबला की दोन गचके खाऊन गप्प. विद्यार्थी जमले. "सर, पेट्रोल हाय का?" एकानं विचारलं. मी त्याला दहावीला पस्तीस मार्क दिले होते, तेही ओढूनताणून. मी पंपवाल्याला नावं ठेवली, बॅटरीला ठेवली, रस्त्याला ठेवली. शेवटी सुनंदा, म्हणजे आमची ही, खाली उतरली आणि म्हणाली, "सकाळी जिथं हात घातलावता, ते आधी उघडा."

उघडलं. नवा फिल्टर दुकानातून आला होता तसाच, प्लास्टिकच्या पिशवीत, चकचकीत बसला होता. पिशवीसकट.

विद्यार्थी हसले. मीही हसलो, कारण दुसरा मार्ग नव्हता. पिशवी काढल्यावर गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. गावाबाहेर आल्यावर बघतो तर सुनंदा खिडकीकडं तोंड करून बसलेली, खांदे हलतायत. मला वाटलं अजून हसू आवरलं नाही.

"दादाच्या गाडीचाबी असाच दम कोंडलावता," ती म्हणाली. आवाज हसण्याचा नव्हता.



दादा म्हणजे सुनंदाचा थोरला भाऊ, भानुदास. सगळ्यांचा भानुदादा. माझ्याहून वयानं मोठा, त्यामुळं तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे. पण मनात तो कायम 'तो'च राहिला. गाव धर्मापुरी. आमचा जिल्हा लांबट आहे. कडा त्याच्या एका टोकाला, इतकं की आम्हाला बीडपेक्षा नगर जवळ. धर्मापुरी दुसऱ्या टोकाला, परळीच्याही पलीकडं. लग्न ठरताना आमच्या वडिलांनी "मुलगी जिल्ह्यातलीच आहे" एवढंच ऐकलं होतं. आपला जिल्हा केवढा आहे हे त्यांना वऱ्हाड निघाल्यावर कळलं.

भानुदादाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जनावरं. थोडी जमीन होती, पण जीव गोठ्यात. उंच, वाळका, खांद्यावर टॉवेल, आणि डोकं नेहमी जरा एका बाजूला कललेलं. ते कललेलं असायचं कारण तो सतत काहीतरी ऐकत असे. गाय खात नसली की तिच्या कुशीला कान लावायचा, डोळे मिटायचे, बराच वेळ तसाच. मग "पोट फिरतंय, ऱ्हाऊ द्या," किंवा "काय तरी अडकलंय," असं सांगायचा. माझ्या पहिल्या दिवाळसणाला गेलो होतो तेव्हा दुपारी त्यांची म्हैस अडली. रेडकू बाहेर आलं ते निपचित. घरातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. भानुदादानं रेडकाच्या नाकपुडीत गवताची काडी फिरवली, मग स्वतःचं तोंड लावून नाकात फुंकर घातली. रेडकू शिंकलं. तोंडावरचा चिकटा टॉवेलानं पुसत तो मला म्हणाला, "दाजी, दम आत गेला की जीव आपसूक येतो." आणि त्याच हातानं त्यानं मला पेढा दिला. सासरवाडीचा पहिला पेढा. नाही म्हणता येईना.

एवढ्यावर थांबला असता तर मी त्याच्याबद्दल फार आदरानं लिहिलं असतं. पण जनावरांना लावतो तोच कान तो पंख्यांना, पंपांना, मिक्सरला, रेडिओला लावायचा आणि मग ती यंत्रं उघडायचा. आमच्या नव्या घरात आला तेव्हा बैठकीतला पंखा कुरकुरत होता. त्यानं स्टूल मागितलं. सुनंदा म्हणाली, "दादा, ऱ्हाऊ दे." तो वर चढलाच. कुरकुर गेली, पण पंखा उलटा फिरायला लागला. हवा खाली येईना.

"दाजी, उकाडा कुठं साठतो? वर. मंग हवा वर गेलेलीच बरी."

त्यानंतर तो चार दिवस राहिला आणि त्या चार दिवसांत आम्ही सगळे घाम पुसत "आता बरं वाटतं" म्हणत बसलो. तो गेल्यावर वायरमन बोलावला.

अशा माणसाच्या हाती गाडी लागली.

परळीच्या एका व्यापाऱ्याच्या दारात ती बरीच वर्षं औष्णिक केंद्राची राख खात उभी होती. भानुदादानं आणली ती करडी म्हणून. दारात धुतल्यावर खालून पांढरा रंग निघाला, तेव्हा सगळी गल्ली टाळ्या वाजवत नाचली म्हणतात. तिचं नाव धवळी पडलं. पोळ्याला बैलांबरोबर तिच्याही बॉनेटला गेरूचे ठिपके, आरशाला गोंडे, आणि पुढच्या जाळीत पुरणपोळीचा घास. मग आठवडाभर गाडीत मुंग्या. थंडीत तिच्यावर गोणपाटाची झूल. बंद पडली की तो बॉनेटला कान लावायचा. "पोट फुगलंय हिचं," म्हणायचा, किंवा "आज हिचं मन न्हाई." मेकॅनिकला दाखवू म्हटलं की दुखावल्यासारखा बघायचा. "माझ्या दावणीचं जनावर हाय, दाजी. दुसऱ्यानं कावून हात लावायचा?" एकदा त्याच्या गावचा दोस्त माझ्यासमोरच त्याला म्हणाला, "भान्या, बे, गाडी घेतली का म्हातारी पोसतोस?" त्यावर भानुदादा शांतपणे म्हणाला, "दोन्ही."

धवळी त्यानं घेतली ती एकाच कामासाठी, हे तो उघड सांगायचा. सुनंदाला पंचमीला माहेरी न्यायला.

आमच्याकडं नागपंचमीला लेकींनी माहेरी जायचं असतं आणि त्यांना न्यायला माहेरचा माणूस येतो, तो मुऱ्हाळी. पूर्वी बैलगाडीनं यायचा, मग बसनं यायला लागला. हल्ली बऱ्याच ठिकाणी फोनच येतो. सुनंदाचे वडील लवकर गेलेले. आई गेली त्या वर्षी सुनंदा दहाव्याला माझ्या देखत रडत म्हणाली होती, "संपलं माझं माहेर."  पण पंचमीच्या आधी भानुदादा बसनं, तीन गाड्या बदलून, कड्याला हजर. उंबऱ्यातूनच म्हणाला, "मी हाय तवर तुझी पंचमी चुकायची न्हाई, नंदे. पिशवी भर." पुढं धवळी आल्यावर तर तो घोड्यावरून आल्यासारखा यायचा. कितीही पाऊस असो, गोठ्यात काहीही अडलेलं असो, तृतीयेला येणार, चतुर्थीला आम्हा दोघांना घेऊन निघणार. सुनंदा साडी कोणती नेसायची हे आषाढातच ठरवायची. एवढ्या वर्षांत त्याचा एकही मुक्काम चुकला नाही. धवळी मात्र दरवर्षी कुठं ना कुठं बसायचीच. तिचा ठरलेला रिवाज होता: सुनंदा स्टेरिंगवर, भानुदादा मागून ढकलायला, आणि मी आत.

मी आत, कारण जावई. पहिल्या वर्षी उतरायला गेलो तर त्यानं मला दंडाला धरून परत बसवलं. "जावयानं गाडी ढकलायची? आन तीबी मुऱ्हाळ्याची? लोक तोंडावर थुकतील माझ्या. बसा, दाजी." मी पालखीतल्या देवासारखा मागच्या सीटवर. माझ्या देहाचा आकार पाहता खाली उतरणं हीच खरी मदत झाली असती.

दोन वर्षांपूर्वीची पंचमी. दुपारी जेवायला येतो म्हणालेला भानुदादा दिवेलागणीला पोचला. हात कोपरापर्यंत काळे, पायजमा चिखलानं भरलेला.

"पंचर झालतं," तो म्हणाला. सुनंदा बघतच राहिली, तेव्हा म्हणाला, "दोनदा झालतं."

भाकरी अर्धी खाल्ली. रस्त्यात वडे खाल्ले म्हणाला.

सकाळी निघालो. नागचतुर्थीचा दिवस. त्या दिवशी बहिणी भावाच्या आयुष्यासाठी उपवास धरतात, तो सुनंदाचा होता. भानुदादानं तिच्यासाठी केळी आणली होती, ती तिच्या मांडीवर. गाडी गावाबाहेर आली तसं त्यानं विचारलं, "वास येतोय का गं?"

"कशाचा?"

"पेट्रोलचा."

धवळीच्या टाकीचं झाकण कधीच नीट बसत नसे. गाडीभर पेट्रोलचा वास, आणि सुनंदाला त्या वासानं मळमळायचं. दरवर्षी ती लिंबू नाकाशी धरून माहेरी जायची आणि तरी वाटेत दोनदा ओकायची. आज तिनं हुंगून पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई रे, अजिबात न्हाई."

"येनारच न्हाई," तो म्हणाला. असा खूश की दोन हातांनी धरलेलं स्टेरिंग त्यानं एका हातात घेतलं.

आष्टीच्या पुढं गाडी पहिल्यांदा बसली. हळूहळू दम तुटत गेल्यासारखी. त्यानं उतरून बॉनेटला कान लावला. "नळीत कचरा आलाय," म्हणाला. नळी काढली, तोंडानं फुंकली, लावली. किल्ली फिरवली तर धवळी नुसती कण्हली. मग सुनंदा स्टेरिंगवर, तो मागं, मी आत. ढकलल्यावर सुरू झाली. त्यानं विजयी चेहऱ्यानं सीट परत घेतली. जामखेडच्या अलीकडं पुन्हा तेच. सौताड्याचा घाट चढून वर आलो आणि पुन्हा. प्रत्येक वेळी थोडी पळायची, दम तोडायची, मग नळ्या फुंकणं, कान लावणं, ढकलणं. मी "प्लगमध्ये बिघाड असणार" असं प्रत्येक वेळी आतून सांगत होतो. प्लग गाडीत नेमका कुठं असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यामुळं ठामपणे सांगता येत होतं.

जामखेडला गॅरेज दिसलं तेव्हा सुनंदा म्हणाली, "दादा, दाखवू की." तो फक्त म्हणाला, "माझी हाय ती. मला कळंल."

पाटोद्याच्या पुढं, दोन्ही बाजूंना तूर आणि सोयाबीन, सपाट रस्ता, तिथं ती पुन्हा बसली. या वेळी मी त्याच्या नकळत माझ्या बाजूनं उतरलो आणि मागं गेलो. म्हटलं, दुसऱ्या कोपऱ्याला हात लावू, त्याला कळणारही नाही.

भानुदादानं दोन्ही हात डिकीवर ठेवले होते. मान खाली. सुनंदा पुढून ओरडली, "ढकल, दादा!" तो हलला नाही. त्याच्या छातीतून आवाज येत होता, चुलीत ओलं लाकूड घातल्यावर येतो तसा, बारीक शिट्टीचा. तेव्हा मला कळलं, तो ढकलत नव्हता. गाडीला टेकला होता.

"भानुदादा?"

त्यानं बोलता येईपर्यंत हात वर धरला. मग म्हणाला, "नंदीला सांगू नगा, दाजी. उपास हाय तिचा."

सांगण्याची वेळच आली नाही. आरशात तिला सगळं दिसत होतं. ती उतरून आली, त्याचा दंड धरला आणि बाभळीखालच्या दगडावर त्याला बसवलं.

"दमलो जरा. वय झालं की गं."

"बस म्हनलं ना."

त्यानं तिच्याकडं वर बघितलं. हा आवाज त्यानं आईचा ऐकला असेल, बहिणीचा पहिल्यांदाच. ओठ निळसर झाले होते त्याचे. त्या रस्त्यावर आम्ही तिघंच, आणि पुढं अर्ध्याहून जास्त वाट. गाडी अशीच बसत राहिली तर हा प्रत्येक वेळी उठणार, जावयाला हात लावू देणार नाही, गॅरेजात जाणार नाही. सुनंदाला ते माझ्या आधी कळलं असावं. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"दादा, परवा गाडी कशी चालत व्हती?"

"चांगली व्हती. परळीला जाऊन आलतो."

"मंग परवापासून तू काय केलंस तिला?"

"काय न्हाई."

"दादा."

"काय न्हाई गं. तेल बघितलं, पानी बघितलं."

"आनखी?"

 मग लहान मुलानं लपवलेली वस्तू दाखवावी तसं म्हणाला, "झाकन बसीवलं. टाकीचं. सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून घातल्या, वरून मेन ओतलं. मुंगी जायला जागा ठिवली न्हाई. तुला वासाचा तरास व्हतो म्हनून."

सुनंदा उठून टाकीकडं गेली. झाकण निघेना. तिथं मात्र मला बोलावलं गेलं. एवढ्या वर्षांत धवळीसाठी माझा हा पहिला उपयोग. मी टॉवेल गुंडाळून जोर लावला. झाकण सुटलं आणि आतून आवाज आला, स्सऽऽऽ, लांब, कुणीतरी खूप वेळ रोखलेला श्वास आत ओढून घ्यावा तसा.

भानुदादानं दगडावरूनच मान कलती केली. ऐकलं.

"आयला," तो हळूच म्हणाला, "मीच दम कोंडला व्हय हिचा."

सुनंदानं किल्ली फिरवली. धवळी दोन-तीनदा कण्हली आणि सुरू झाली. कुणी न ढकलता.

म्हणजे आधीही ढकलायची गरज नव्हती. पेट्रोल निघून जाईल तशी टाकीत हवा यायला हवी. ती यायला वाटच नव्हती, म्हणून धवळी गुदमरत होती. थोडा वेळ उभी राहिली की कुठून तरी इवलीशी हवा शिरायची आणि ती तेवढ्यावर पुढं निघायची. त्या थोड्या वेळात हा नळ्या फुंकायचा, ढकलायचा, आणि आपल्यामुळं सुरू झाली समजायचा. तिला फक्त जरा थांबायला हवं होतं.

सुनंदा बाहेर आली. तिचा चेहरा एकदम बदलला. "काल सगळी वाट असाच आलास? एकटाच? एका हातानं स्टेरिंग धरून ढकलत?"

"काल वारा पाठीकडनं व्हता," तो म्हणाला.

मी हसलो. ती हसली नाही. तिनं आपल्या रुमालाची घडी टाकीच्या तोंडावर बांधली, वरून केसाचं रबर. ट्यूबच्या चकत्या रस्त्याकडंला टाकल्या. पुन्हा गाडीत बसलो आणि थोड्याच वेळात वास आला, इतका की माझेही डोळे चुरचुरले. लिंबू घरी राहिलं होतं.

"वास येतोय न?" त्यानं विचारलं.

"न्हाई येत," सुनंदा म्हणाली.

नेकनूरच्या पुढं तिनं गाडी थांबवायला लावली, पाण्याची बाटली घेऊन झाडाआड गेली आणि तोंड धुऊन परत आली. "उपासाचं पित्त झालं," म्हणाली.  त्यानं तिच्या बाजूची काच उतरवली आणि गाडी आणखी सावकाश हाकायला लागला.

अंबाजोगाईला दुकानातून टाकीचं नवं झाकण घेतलं, बारीक भोकाचं, कंपनीचं असतं तसं. त्यानंतर धवळी कधी वाटेत बसली नाही. "आता दवाखान्यातबी जाऊ," सुनंदा म्हणाली. तो म्हणाला, "सनाच्या तोंडावर कुठं? पंचमी होऊ दे." त्या पंचमीला झोका त्यानंच बांधला, पण खाली बसून, दोर दुसऱ्याकडून वर टाकून घेऊन. दरवर्षी पहिला झोका तो द्यायचा. त्या वर्षी बाजेवर बसून म्हणाला, "तुझी तूच घे गं, मोठी झालीस."

पंचमी झाल्यावर सुनंदानं त्याला ओढत नेलं. छातीतली झडप खराब झालेली. मोठ्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करा, डॉक्टर म्हणाले, आणि तोवर जड काम नाही. भानुदादानं सगळं मुकाट ऐकून घेतलं आणि सांगितलं, दिवाळीनंतर. गाय व्यायची होती, सोयाबीन यायचं होतं. सुनंदा भांडली, जेवली नाही, रडली. तो म्हणाला, "दिवाळीनंतर म्हनलं ना. शब्द हाय." त्याचा शब्द आजवर मोडला नव्हता.

दिवाळी यायच्या आत तो गेला. सकाळी धार काढायला बसला आणि तसाच गाईच्या पायाशी कलंडला. चरवी सांडली नाही, असं वहिनी म्हणजे त्याची बायको पुन्हा पुन्हा सांगत होत्या, जणू त्यात काही होतं. दहाव्याच्या दिवशी त्यांनी सुनंदाला जवळ बसवून उरलेलं सांगितलं. डॉक्टरांनी पंचमीच्या आधीच बजावलं होतं. "म्या म्हनलं, औंदा बसनं जावा, न्हाई तर फोन करा. तर मला म्हने, मुऱ्हाळी फोनवरनं आला असं कुनी ऐकलंय का? आन गाडीचं झाकन करत बसले रातीपतोर. दमत व्हते, थांबत व्हते, परत करत व्हते. म्हने, औंदा नंदीला ओकारी येऊ द्यायची न्हाई."

सुनंदानं ऐकलं. तिथं ती रडली नाही.

गेल्या वर्षी पंचमीच्या आधी भानुदादाच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, आत्या, घेऊन जायला येऊ का म्हणून. नको रे, कामं असतील तुझी, ती म्हणाली. चतुर्थीच्या सकाळी ती शेजारच्या काकूंना विचारून आली, भाऊ नसला तर उपवास धरतात का. काकू म्हणाल्या, नाग असतोच की भाऊ. तिनं धरला.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते आमच्याच दारातून. त्या पंचमीनंतर मी बसनं आधी परत आलो होतो, शाळा होती. आठवडाभरानं तो सुनंदाला पोचवायला आला. तिनं लाख सांगितलं, मी बसनं जाते, तो म्हणाला, "आनलं मी, पोचवनार मी." वाटेत कुठं बसली नाही म्हणून धवळीचं कौतुक केलं. मुक्काम केला. सकाळी चहा घेतला, गाय आज-उद्याची आहे म्हणाला, आणि निघाला. सुनंदानं हातावर दही ठेवलं. "पुढच्या पंचमीला लवकर येतो," तो म्हणाला, "जेवायलाच."

गाडी गल्लीतून सावकाश गेली. आम्ही दोघं फाटकात उभे. कोपऱ्यावर, जिथं वळण आहे, तिथं धवळी थांबली. भानुदादा खाली उतरला नाही. काचेतून फक्त स्टेरिंगवर वाकलेली त्याची पाठ आणि खांद्यावरचा टॉवेल दिसत होता. मी म्हटलं, "घ्या! नवं झाकण लावून परत तेच." आणि पायात चप्पल सरकवायला लागलो. म्हटलं, या वेळी त्याचं काही ऐकायचं नाही, जावई असो नाहीतर कुणी, आपण ढकलायचं.

मी दोन पावलं टाकली असतील, तेवढ्यात गाडी हलली. वळली आणि दिसेनाशी झाली.

"बघ," मी सुनंदाला म्हणालो, "थोडं थांबली आणि आपोआप सुरू झाली."

ती रस्त्याकडंच बघत होती.

"बंद कुठं पडलती?" ती म्हणाली. "इंजन चालूच व्हतं."